उजवा हात सोबत घ्या

या प्रवासाला सामान लागत नाही. एक शरीर तेवढं उसनं घ्यायचं आहे. वय ६३, मुक्काम कोलाड, तालुका रोहा, जिल्हा रायगड. शरीर तसं ठणठणीत, फक्त उजवा हात ऐकत नाही. मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरायला लागतात. चहाचा कप उचलायला हात पुढे केलात की थरथर थांबते, कप खाली ठेवलात की पुन्हा सुरू. चालताना डावा हात झुलतो, उजवा अंगाला चिकटून राहतो. शर्टाचं वरचं बटण लावायला पूर्वीच्या तिप्पट वेळ जातो. आणि सही: पहिलं अक्षर नेहमीचं, मधली बारीक, शेवटची इतकी चिमुकली की बँकेतली मुलगी मान वर करून तुमच्याकडे दोनदा बघते.

नियम दोनच. वर्ष बदललं तरी शरीर हेच राहील आणि गावही हेच. दरवेळी एवढंच बघायचं, की तुमच्याकडे बघणाऱ्याला काय दिसतं.

निघू या.

१८१७

आषाढ चालू आहे आणि तुम्ही घोटे बुडतील एवढ्या चिखलात उभे आहात. महामार्ग नाही, रूळ नाहीत, नाका नाही. कुंडलिका दुथडी भरून रोह्याकडे चालली आहे. शेतात लावणीची घाई. डाव्या हातात आवणाची जुडी धरायची, उजव्या हाताने रोप सुटं करायचं आणि चिखलात रोवायचं. शेजारची बाई तीन रोपं लावते तोवर तुमचं एक होतं. बाकीची रांग सरकत जाते, तुम्ही जागच्या जागी. पाय उचलायचं मनात येतं, पण पाय लगेच उचलला जात नाही, आणि त्याला कारण चिखल नाही.

घरात दोन मतं पडली आहेत. थोरली सून पदर सावरत म्हणते, “मामंजी, बाहेरचं काहीतरी दिसतंय, भगताला दाखवू या.” भगत येतो, अंगारा लावतो, नारळ उतरवून टाकतो, कोंबडं मागतो. तुमचा हात त्याच्यासमोर अधिकच थरथरतो, कारण चारजण बघत असले की हा कंप वाढतो. भगताला मात्र ती खूण पटल्यासारखी वाटते.

दुसरं मत धाकट्या भावाचं. तो तुम्हाला रोह्याला वैद्यबुवांकडे नेतो. वैद्यबुवा तुमचा हात हातात घेतात, बराच वेळ नुसते बघत राहतात आणि म्हणतात, कंपवात. औषध सांगतात खाजकुइलीचं: बी दुधात शिजवायचं, साल काढायची, सुकवून चूर्ण करायचं. खाजकुइली कोणती, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात कुंपणावर चढणारा वेल, जांभळ्या फुलांचे घोस, आणि थंडीत वाळणाऱ्या शेंगांवर ती बारीक तपकिरी कुसं. नुसती चाटून गेली तरी अंग ओरबाडून काढावंसं वाटतं. गावातली पोरं ती एकमेकांच्या पाठीत टाकतात आणि घरी जाऊन मार खातात. त्या बियांत नेमकं काय आहे, हे वैद्यबुवांना ठाऊक नाही. जगात कुणालाच ठाऊक नाही. ते कळायला अजून १२० वर्षं आहेत.

काही महिन्यांत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई होईल आणि पेशवाई संपत येईल. तुमच्या हाताच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना याच वर्षी लंडनमध्ये घडते आहे. हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणारे जेम्स पार्किन्सन, वय ६२, म्हणजे तुमच्याहून एका वर्षाने लहान, एक छोटं पुस्तक छापतात. त्यात सहा माणसांची हकिगत आहे. त्यांतली तिघं त्यांना दवाखान्यात नव्हे, रस्त्यात दिसली होती. एकाला तर त्यांनी फक्त लांबून पाहिलं. पुढे झुकलेलं अंग, थांबवता न येणारी लगबगीची छोटी पावलं, स्वस्थ असताना थरथरणारा हात. या सगळ्या खुणा एकाच आजाराच्या आहेत, एवढं त्यांनी ओळखलं. कारण शोधताना ते चुकले, दोष मानेतल्या मज्जारज्जूत असावा असं त्यांना वाटलं. पण आजार कसा दिसतो हे त्यांनी लिहिलं ते आजही खोडावं लागत नाही. तुम्ही लंडनच्या त्या रस्त्यावरून गेला असतात, तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं.

१९२७

कुंडलिका आता उन्हाळ्यातही वाहते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी केलेला सत्याग्रह हरला, मुळशीचं धरण झालं, आणि ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला टाटांच्या वीजघरात पडून मग नदीला मिळतं. वीज मुंबईला जाते. तुमच्या घरात कंदीलच आहे.

दवाखान्यात गेलात तर बाटलीतलं औषध मिळतं, त्यात बेलाडोनाचा अर्क. धोतऱ्याच्याच कुळातली वनस्पती. कंप थोडा कमी होतो; तोंडाला कोरड पडते, जवळचं अक्षर पुसट दिसतं, लघवीला त्रास होतो. पॅरिसच्या शार्को यांच्या काळापासून, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, डॉक्टरांकडे याहून बरं काही नाही. या आजाराला पार्किन्सनचं नाव रूढ केलं तेही शार्को यांनीच. आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांबच्या प्रवासानंतर रुग्णांना बरं वाटतं, असं त्यांच्या कानावर आलं, म्हणून १८९२ च्या सुमारास त्यांनी गदागदा हलणारी खुर्चीच बनवून घेतली. पुढच्या शतकातला मुंबई-गोवा महामार्ग त्यांनी पाहिला असता तर खुर्चीचा खर्च वाचला असता.

इतक्यात एक बदल झाला आहे. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींत गोल गोळे पाहिले. त्रेत्याकॉफ या तरुण डॉक्टरने १९१९ मध्ये दाखवून दिलं की मेंदूच्या बुंध्यातला एक काळसर पट्टा या रुग्णांत फिकट पडलेला असतो. बघणाऱ्याची नजर आता कवटीच्या आत पोचली आहे. अडचण एवढीच, की त्यासाठी आधी तुम्ही मरायला हवं.

१९५७

या वर्षी तुमच्याबरोबर शेजारचे काकाही थरथरतायत. त्यांना रक्तदाब आहे आणि डॉक्टरांनी सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या आहेत. सर्पगंधा सह्याद्रीच्या रानातली, वैदूंच्या पोतडीतली. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे जगाला पटवून दिलं ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ च्या ब्रिटिश हार्ट जर्नलमधल्या लेखातून. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या कंपनीने मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, रेसर्पिन. रक्तदाब उतरतो, पण काहींचं अंग जड होतं, चेहरा लाकडासारखा होतो, हात कापू लागतात. तुम्ही आणि काका ओसरीवर समोरासमोर बसलात तर तिसऱ्याला फरक कळणार नाही.

काकांच्या गोळ्या बंद होतात. काही आठवड्यांत त्यांचा हात स्थिरावतो. तुमचा नाही.

रेसर्पिनचा हाच परिणाम स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन सशांवर तपासतायत. त्यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना डोपा नावाचं द्रव्य टोचलं, आणि थोड्याच वेळात तेच ससे उठून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतलं काहीतरी रितं केलं होतं आणि डोपाने ते पुन्हा भरलं. ते काहीतरी म्हणजे डोपामीन, हे कार्लसन यांनी लवकरच दाखवलं. या कामाचं नोबेल त्यांना २००० साली मिळालं.

आता कोलाडच्या कुंपणाकडे वळून बघा. डोपा हे द्रव्य खाजकुइलीच्या बियांत असतं. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते बियांतून वेगळं काढलं होतं आणि शोधनिबंधही छापला होता. पण तेव्हा डोपाचा आणि कंपाचा संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. ज्या वनस्पतीने माणूस गोठतो ती रानात, ज्या वनस्पतीने तो पुन्हा हलतो ती बांधावर. दोन्हींवर भारतात काम झालं, आणि दोन्हींची गाठ पडली स्वीडनच्या सशांत. तिथून पुढे व्हिएन्नात होर्निकेविच यांनी १९६० मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासले; नेमक्या त्या फिकट पट्ट्याशी जोडलेल्या भागात डोपामीन जवळपास संपलेलं होतं. पुढच्या वर्षी बिर्कमायर यांनी जिवंत रुग्णांना डोपा टोचलं. अंथरुणावरून न उठणारी माणसं उठली, चालली. परिणाम काही तासच टिकला, पण टिकला.

१९७१

मुलगा तुम्हाला एसटीने मुंबईला नेतो. वाशीच्या खाडीवरचा पूल अजून झालेला नाही. पनवेलहून ठाण्याचा वळसा. संध्याकाळी भायखळ्यात नातेवाइकांकडे मुक्काम, सकाळी जे. जे. रुग्णालयाची रांग.

रांगेत तुमच्या पुढे एक तरुण आहे. हात कापतो त्याचाही, पण वस्तू घ्यायला गेला की, तुमच्या उलट. पाय फाकवून, झोकांड्या खात चालतो. त्याला आत बोलावतात. दार अर्धवट उघडं आहे, म्हणून तुम्हाला दिसतं: डॉक्टर त्याला डोकं न हलवता पटकन डावीकडे, पटकन उजवीकडे बघायला सांगतायत. तरुणाची बुबुळं सरकतात, पण फार सावकाश.

इथल्याच डॉ. नोशीर वाडिया यांनी अशाच सावकाश सरकणाऱ्या डोळ्यांवरून एक स्वतंत्र आनुवंशिक आजार ओळखला. तोल जाणारी माणसं अनेक होती, पण या विशिष्ट कुटुंबांत डोळेही मंद होते. नऊ कुटुंबांवरचा त्यांचा आणि डॉ. स्वामी यांचा निबंध १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. पाव शतकानंतर, १९९६ मध्ये, त्या प्रकारच्या आजाराचं जनुक सापडलं. आज त्याला एससीए-२ म्हणतात. जनुकाचा पत्ता नसताना मुंबईच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरने रुग्णाच्या नजरेवरून आजार वेगळा काढला होता.

तुमची पाळी. “काका, अंगठा आणि बोट असं उघडा-मिटा, जितकं जोरात जमेल तितकं.” पहिल्या चार वेळा बोटं मोठी उघडतात, मग उघडझाप लहान होत जाते आणि मध्येच अडकते. डॉक्टर तुमचं कोपर धरून हात हलवतात. तो सरळ न हलता दातेरी चाकासारखा अडकत अडकत हलतो. रक्त नाही, फोटो नाही. निदान दहा मिनिटांत.

या खेपेला गोळी आहे. लिव्होडोपा. डोपामीन तोंडाने दिलं तर मेंदूत पोचत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते अडवतो; डोपाला मात्र वाट मिळते आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. हे आधीही माहीत होतं, पण थोड्या मात्रेने गुण येईना आणि एकदम मोठी दिली तर उलट्या. अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये मात्रा हळूहळू, धीराने चढवत नेली आणि तोवर कुणाला जमलं नव्हतं ते जमवलं. तुम्हाला पहिले काही दिवस मळमळतं. मग एका सकाळी तुम्ही शर्टाची सगळी बटणं लावून बाहेर येता, आणि सूनबाईच्या हातातलं भांडं हातातच राहतं.

१९७८

गोळीला सात वर्षं झाली असं धरा. ती अजून काम करते, पण घड्याळ लावून. सकाळी सातला घेतली की पावणेआठला अंग मोकळं होतं, तुम्ही बाजारात जाता, भावावरून वाद घालता. साडेदहाच्या सुमारास पाय जड व्हायला लागतात आणि अकराला तुम्ही दाराच्या उंबऱ्यावर खिळून उभे. कुंडलिका आता अशीच वागते. भिऱ्याला यंत्रं चालू असली की पाणी सुटतं, नदी फुगते, खडक बुडतात. तिकडे यंत्रं थांबली की काही वेळात दगडगोटे उघडे. सुरुवातीची वर्षं तुमच्या मेंदूत थोडा साठा करणाऱ्या पेशी शिल्लक होत्या, त्या भरती-ओहोटी सांभाळून घ्यायच्या. त्या कमी झाल्या, आणि आता प्रत्येक गोळीची वेळ थेट अंगावर उमटते. कधी उलटंही होतं: औषध जास्त चढलं की मान, खांदे, हात आपोआप वळवळायला लागतात. लोकांना वाटतं आजार वाढला. तो औषधाचा भर असतो.

डॉक्टरांकडे आता लिव्होडोपाबरोबर कार्बिडोपा मिसळलेली गोळी आहे. तिने डोपा वाटेतच वाया जाणं थांबतं, कमी मात्रेत भागतं, मळमळ घटते. त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांचा एक निबंध ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात येतो: खाजकुइलीच्या बियांची पूड पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्यावर काय झालं याचा. गुण आला. रोह्याच्या वैद्यबुवांचा उपाय एकशे एकसष्ट वर्षांनी प्रयोगशाळेच्या भाषेत लिहिला गेला. पुढे झंडू कंपनीने त्या बियांपासून एचपी-२०० नावाचं प्रमाणित चूर्ण केलं; साठ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये छापून आले. लंडनच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये हे चूर्ण आणि नेहमीची गोळी समोरासमोर ठेवून पाहिली: चूर्णाचा असर लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. रुग्ण मात्र आठच होते, आणि एवढ्या थोड्यांवरून कुणी गोळी टाकून चूर्ण धरत नाही.

१९९९

कोलाड स्टेशनात मालगाडीच्या सपाट डब्यांवर ट्रक चढतायत. कोकण रेल्वेने या वर्षी कोलाड ते गोव्यातलं वेर्णे अशी रो-रो सेवा सुरू केली आहे. ट्रक ड्रायव्हर घाटातला ताण विसरून डब्यावरच ताणून देतो.

तुम्ही मात्र जागे आहात, आणि जागंच राहायचं आहे. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातलं ऑपरेशन टेबल. डोक्याला धातूची चौकट स्क्रूने बसवली आहे, कवटीला छोटं छिद्र आहे, आणि मेंदूत बारीक तार उतरते आहे. मेंदूला स्वतःला दुखत नाही. काल रात्रीपासून गोळी दिलेली नाही, म्हणून हात जोरात थरथरतो आहे; तो थरथरायला हवाच, नाहीतर कळणार कसं? डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ही शस्त्रक्रिया इथे सुरू केली. यंत्रातून पेशींचा खरखराट ऐकू येतो, आणि तार मिलिमीटरच्या अंशाने पुढे जाते. “काका, मूठ उघडा. मिटा. आता उलटे आकडे म्हणा.” तुम्ही शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव म्हणत असता, कुणीतरी वीज सुरू करतं, आणि सत्त्याण्णवला हात शांत होतो. थरथर कमी होत जात नाही, थांबते.

ही युक्ती सापडली फ्रान्समधल्या ग्रनोब्ल शहरात १९८७ मध्ये. पूर्वी कंप थांबवायला मेंदूतला एक ठिपका जाळून टाकत. जाळण्यापूर्वी जागा बरोबर आहे का हे बघायला विजेचे हलके झटके देत. आलीम-लुई बेनाबीद यांच्या ध्यानात आलं, की झटके सेकंदाला शंभराच्या आसपास नेले की कंप थांबतो. मग जाळायचं कशाला? तार आतच ठेवावी आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. या उपायाने आजार जात नाही, आणि ज्याला गोळीने गुण येत नाही त्याला सहसा तारेनेही येत नाही. पण खिळून राहण्याचे तास घटतात, गोळ्या निम्म्यावर येऊ शकतात. खर्च लाखांच्या घरात. कोलाडच्या किती घरांना तो झेपेल, हा हिशेब ऑपरेशन टेबलवर होत नाही.

२०१३

इथे एकदाच नियम मोडू. शरीर तेच, पण बारा वर्षं तरुण. वय ५१. हात स्थिर, सही ठसठशीत. तुम्हाला काहीही झालेलं नाही.

तरी बघा. सकाळी घरात सुकट भाजली जातेय, शेजारच्या वाडीपर्यंत वास गेलाय, आणि तुम्ही विचारता, “आज जेवायला काय?” पोट साफ होण्याची कुरकुर वर्षभर चालू आहे. आणि रात्री बायको दुसऱ्या खोलीत झोपते, कारण स्वप्नात कुणीतरी मागे लागलं की तुम्ही खरोखर लाथा झाडता. माणूस स्वप्न बघत असताना शरीर लुळं ठेवण्याची मेंदूची एक व्यवस्था असते. ती तुमच्यात बिघडली आहे. मिनियापोलिसमधल्या डॉक्टरांनी हा प्रकार १९८६ मध्ये वर्णिला, आणि पुढे लक्षात आलं की अशा बहुतेकांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा आजार गाठतो.

म्हणजे १८१७ पासून आपण जो हात बघत आलो, तो आजाराचा मधला अध्याय होता. हात कापायला लागतो तोवर त्या काळ्या पट्ट्यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. मूळ धागा १९९७ मध्ये सापडला, इटलीतल्या कोंतुर्सी गावच्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आजारातून: अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन. ते चुकीचं दुमडतं, शेजारच्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं, आणि साठत जातं. लेवी यांनी पाहिलेले गोळे याचेच. काही रुग्णांत ही साठवण आतड्याच्या किंवा नाकाच्या नसांपासून सुरू होत असावी, असं मानलं जातं. तसं असेल तर सुकटीचा हरवलेला वास ही आजाराची पहिली चिठ्ठी होती. ती फोडून वाचणारं घरात कुणी नव्हतं. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न या परिचारिकेला तर नवऱ्याच्या अंगाचा बदललेला वास निदानाच्या कितीतरी वर्षं आधी आला होता. संशोधकांनी तिची परीक्षा घेतली आणि तिचं नाक खरं ठरलं. आता त्वचेवरच्या तेलात तो वास कशाचा, याचा शोध चालू आहे.

२०२५

परत ६३. नाक्यावर वडापावची गाडी, महामार्गाचं काम, आणि सकाळी पाणी सुटलं की राफ्टिंगला आलेल्या मुंबई-पुण्याच्या पोरांची हेल्मेटं.

आता तुमच्याकडे बघणाऱ्याला बरंच दिसू शकतं. पाठीच्या कण्यातून काढलेलं थोडं पाणी चांगल्या अल्फा-सिन्यूक्लिनमध्ये मिसळायचं. त्यात दुमडलेल्या प्रथिनाचा अंश असेल तर तो चांगल्यालाही दुमडत नेतो आणि यंत्राला ते कळतं. अकराशेहून अधिक जणांवरच्या या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. पार्किन्सनच्या दर शंभर रुग्णांत सुमारे ८८ जणांत तिने आजार बरोबर पकडला. कातडीचा छोटा तुकडा काढून तेच प्रथिन शोधण्याच्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये अमेरिकेतून आले. आजार शरीरात आहे हे जिवंतपणी सिद्ध करण्याची सोय पहिल्यांदाच झाली.

उपचारांतही हालचाल आहे. लिव्होडोपाचं विरघळणारं रूप त्वचेखालून चोवीस तास पुरवणाऱ्या पंपाला अमेरिकेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता दिली, म्हणजे नदीचं पाणी बंद होण्याची वेळच येऊ नये. मेंदूतल्या तारेचं यंत्र आता मेंदूचे संकेत वाचून आपला जोर स्वतः कमी-जास्त करतं. त्याला २०२५ मध्ये हिरवा कंदील मिळाला. कंपासाठी कवटी न उघडता ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून तो ठिपका तापवण्याची पद्धत २०१६ पासून वापरात आहे. क्योतोमध्ये मूळपेशींपासून तयार केलेल्या, डोपामीन बनवणाऱ्या पेशी सात रुग्णांच्या मेंदूत सोडल्या. त्या जगल्या, डोपामीन करू लागल्या, गाठी झाल्या नाहीत, असं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालं. सात रुग्ण म्हणजे सुरुवात.

आणि जे जमलं नाही तेही ऐका, कारण मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओत ते नसतं. मधुमेहावरचं एक्झेनाटाइड हे इंजेक्शन पार्किन्सनची चाल मंदावेल अशी मोठी आशा होती. २०२५ च्या फेब्रुवारीत मोठ्या चाचणीने ती खोटी ठरवली. आजार थांबवणारं किंवा निर्विवादपणे मंदावणारं औषध आजच्या तारखेला एकही नाही. हातात भरवशाची गोष्ट आहे ती १९६७ चीच गोळी, आणि रोजचा घाम निघेल असा व्यायाम.

ती गोळी तुमच्या खिशात आहे, आणि तिचं निम्मं यश कोलाडच्या स्वयंपाकघरात ठरतं. डोपा आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून एकाच दारातून आत शिरतात. वालाची उसळ किंवा सुकं मटण जेवून वर गोळी घेतलीत तर दारात गर्दी होते आणि गोळी बाहेर ताटकळते. जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने घ्या. पोपटीच्या मेजवानीच्या रात्री तर नक्कीच घड्याळ बघा. खाजकुइलीच्या बिया घरी कुटून खाऊ नका. एका बीत किती डोपा आहे ते वेलागणिक बदलतं, आणि गोळीबरोबर घेतलं तर मात्रेचा हिशेबच उरत नाही.

उंबऱ्यावर पाय खिळले तर? एक गंमत करून बघा. सपाट जमिनीवर न चालणारा हा माणूस जिना मात्र कित्येकदा सहज चढतो. मिलेहा सोनेजी या डिझायनरने हे आपल्या काकांच्या बाबतीत पाहिलं आणि सपाट फरशीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्रच टाकलं. काका न अडखळता चालले. कोलाडच्या शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा ओट्यावर रांगोळीच्या आडव्या रेघा ओढल्या तरी तत्त्व तेच. पायाला आतून हुकूम येत नसेल तर डोळ्यांकडून द्यायचा. तालाकडूनही देता येतो: पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांच्या वर्गात पार्किन्सन्स मित्रमंडळाचे सभासद नाचतात, आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून रुग्णांना एकत्र बसवते आहे.

आता शरीर परत करा. तुमचा स्वतःचा हात तुम्हाला मिळाला.

दोनशे वर्षांत यंत्रं आली, रेणू सापडले, पण या आजाराचं दार अजूनही बघणाऱ्यानेच उघडायचं असतं. न्यूरॉलॉजिस्ट पनवेलला किंवा सव्वाशे किलोमीटरवर मुंबईला असेल. तुमचे शेजारी, तुमचे थोरले भाऊ, एसटी स्टँडवरचे ते निवृत्त गुरुजी रोज तुमच्यासमोर असतात. एक हात झुलत नसेल, चेहरा गंभीर वाटण्याइतका स्तब्ध झाला असेल, अक्षर बारीक होत असेल, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. एका कागदावर त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्या, चालतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर काढा, चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं लिहा (काकांची सर्पगंधा आठवते ना? आजही मळमळीच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी असाच कंप येतो), आणि हे तीनही घेऊन त्यांच्याबरोबर जा. तिथे डॉक्टर विचारतील, “कधीपासून?” त्याचं उत्तर रुग्णाला सहसा येत नाही. ते तुम्हाला यायला हवं.